उसनी दिलेली बॅटलशिप : लंडन ते जॉड्रेल बँक

ब्रिटिश आरमाराची ‘रॉयल सॉव्हरिन’ ही बॅटलशिप मे १९४४ मध्ये सोव्हिएत आरमाराला उसनी देण्यात आली, ‘अर्खांगेल्स्क’ या नावाने तिने जवळजवळ पाच वर्षे उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रात काढली आणि फेब्रुवारी १९४९ मध्ये ती मूळ मालकाकडे परत आली. आज ती कुठेही उभी नाही. तरीही तिचा माग काढत ब्रिटनच्या दक्षिणेकडून उत्तरेकडे जाता येते आणि तिचे काही अवशेष आजही कामात असलेले पाहता येतात. व्यापारी जहाजांवर चीफ इंजिनिअर म्हणून नोकरी करून निवृत्त झालेला माझा थोरला भाऊ मँचेस्टरला राहतो. हा प्रवास त्याच्याबरोबर केला. तोफा, बॉयलर आणि गिअर यांबद्दलची पुढील टिपणे बरीचशी त्याच्या बोलण्यातून आलेली आहेत.

शनिवार, लंडन

लंडनच्या दक्षिण भागात, लँबेथमध्ये, इंपीरियल वॉर म्युझियमच्या हिरवळीवर १५ इंची व्यासाच्या दोन प्रचंड तोफा शेजारी शेजारी ठेवलेल्या आहेत. त्यांपैकी एक ‘रॅमिलीज’ या बॅटलशिपवर होती आणि दुसरी आधी ‘रेझोल्यूशन’वर व नंतर ‘रॉबर्ट्स’ या मॉनिटरवर, म्हणजे किनाऱ्यावर मारा करणाऱ्या नौकेवर, बसवली गेली. ‘रॅमिलीज’ आणि ‘रेझोल्यूशन’ या दोन्ही ‘रॉयल सॉव्हरिन’च्या सख्ख्या बहिणी, म्हणजे एकाच आराखड्यावर बांधलेल्या पाच नौकांपैकी. त्यामुळे आपल्या नौकेची तोफ कशी असेल याचा अंदाज घ्यायला याहून चांगली जागा नाही. एकेका तोफेचे वजन सुमारे १०० टन आणि लांबी साडेसोळा मीटरच्या आसपास. तिचा एक गोळा जवळजवळ ८८० किलोचा असे आणि तो २० किलोमीटरहून अधिक दूर जाऊन पडे. अशा आठ तोफा, दोन दोनच्या चार टरेटमध्ये, म्हणजे फिरत्या चिलखती बुरुजांत, प्रत्येक नौकेवर होत्या.

दादाने तोफेच्या तोंडाशी उभे राहून आत पाहिले. आतल्या पन्हळी अजून स्पष्ट दिसतात. “तोफ ओतणं कठीण असतंच, पण ती एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे वळवणारी यंत्रणा त्याहून कठीण,” असे तो म्हणाला. “शेकडो टनांचं टरेट केसभरही न लचकता फिरलं पाहिजे. त्याखालची दात्यांची कडी बनवणारे कारखाने तेव्हा जगात मोजकेच होते.” हे वाक्य मी तिथेच टिपून घेतले, कारण आमचा शेवटचा मुक्काम त्या कड्यांसाठीच ठरवलेला होता.

‘रॉयल सॉव्हरिन’चा जन्म पोर्ट्समथच्या गोदीतला. जानेवारी १९१४ मध्ये तिचा कणा घातला गेला, २९ एप्रिल १९१५ रोजी ती पाण्यात उतरली आणि १९१६ च्या वसंतात ती आरमारात दाखल झाली. ३१ मे १९१६ रोजी जर्मन आरमाराशी जटलंडची लढाई झाली तेव्हा ती ऑर्कनी बेटांतील स्कॅपा फ्लो या तळावरच नांगर टाकून होती, कारण नव्या खलाशांचा सराव पुरेसा झालेला नाही म्हणून आरमाराचे सेनापती ॲडमिरल जेलिको यांनी तिला बरोबर नेले नव्हते. ज्या एका लढाईसाठी अशा नौका बांधल्या गेल्या ती लढाई तिच्या हातून निसटली आणि पुढेही तिच्या वाट्याला बहुतेक करून सोबतीचीच कामे आली. दुसऱ्या महायुद्धात तिने अटलांटिकमधील व्यापारी ताफ्यांना संरक्षण दिले आणि जुलै १९४० मध्ये कलाब्रियाजवळ इटालियन आरमाराशी झालेल्या चकमकीत ती होती, मात्र वेग कमी असल्यामुळे ती मागेच राहिली.

१९४२ च्या आरंभी ती हिंदी महासागरात आली. ॲडमिरल सॉमरव्हिल यांच्या पूर्वेकडील आरमारात या वर्गाच्या चार नौका होत्या आणि चारही जुन्या व संथ. एप्रिलमध्ये जपानी विमानवाहू नौकांनी कोलंबो आणि त्रिंकोमालीवर हल्ले केले तेव्हा या संथ नौकांना लढाईत उतरवणे म्हणजे त्या गमावणे, हे सॉमरव्हिल यांनी ओळखले. आपल्या वेगवान नौका घेऊन ते स्वतः मुंबईकडे आले आणि ‘रॉयल सॉव्हरिन’सह चारही नौकांना त्यांनी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील किलिंडिनीला पाठवले. त्या काळात मुंबईच्या बंदरात जी ब्रिटिश युद्धजहाजे येऊन थांबली, त्यांच्यामागे ही माघार होती. आपल्याकडे या प्रसंगाचा उल्लेख क्वचितच वाचायला मिळतो.

रविवार, रोझाइथ आणि इनव्हर्कीथिंग

सकाळच्या गाडीने एडिंबरा गाठले आणि दुपारी फोर्थचा जुना तांबडा रेल्वेपूल ओलांडून पलीकडच्या फाइफ प्रांतात गेलो. पुलावरून डावीकडे पाहिले की खाडीच्या काठाला रोझाइथची गोदी दिसते. आत जायला परवानगी नाही. ब्रिटनच्या दोन्ही नव्या विमानवाहू नौकांची जुळणी इथेच झाली, त्यामुळे गोदीच्या कुंपणावरील पाट्याही कडक आहेत. आम्ही बाहेरच्या रस्त्यानेच जमेल तितके पाहिले. पाहण्यासारखे फारसे नव्हतेच, पण या प्रवासातील सर्वांत महत्त्वाची घटना याच पाण्यावर घडली, म्हणून ती इथे जरा सविस्तर सांगतो.

सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शरणागती पत्करली आणि तिच्या आरमाराचा मोठा भाग दोस्तांच्या हाती आला. ऑक्टोबरमध्ये मॉस्कोत परराष्ट्रमंत्र्यांची परिषद झाली तेव्हा सोव्हिएत युनियनने या लुटीत आपला वाटा मागितला. एक बॅटलशिप, एक क्रूझर, आठ विनाशिका, चार पाणबुड्या आणि ४० हजार टनांची व्यापारी जहाजे, असा तो नेमका आकडा होता. तेहरानच्या परिषदेत मागणी तत्त्वतः मान्य झाली. अडचण अशी होती की इटालियन खलाशी आता दोस्तांच्या बाजूने काम करत होते आणि आपल्या नौका रशियाला दिल्या जाणार हे कळले असते तर त्यांनी काय केले असते याची चर्चिल आणि रूझवेल्ट या दोघांनाही धास्ती होती. शिवाय भूमध्य समुद्रासाठी बांधलेल्या नौका ध्रुवीय थंडीसाठी नव्याने सिद्ध करायला वेळ लागला असता. त्यावर तोडगा निघाला तो असा की, इटालियन नौका प्रत्यक्ष मिळेपर्यंत ब्रिटन आणि अमेरिकेने आपल्याजवळच्या नौका उसन्या द्याव्यात. अमेरिकेने ‘मिलवॉकी’ ही क्रूझर दिली, ब्रिटनने अमेरिकेकडूनच मिळालेल्या जुन्या विनाशिका आणि चार पाणबुड्या दिल्या, आणि बॅटलशिप म्हणून पुढे केली ‘रॉयल सॉव्हरिन’.

या व्यवहारात ब्रिटनने फार मोठा त्याग केला असे म्हणवत नाही. १९४४ पर्यंत ब्रिटिश आरमाराला नौकांपेक्षा माणसांचीच जास्त टंचाई भासत होती आणि तिच्या ‘रेझोल्यूशन’ व ‘रिव्हेंज’ या बहिणी स्टोकरांच्या, म्हणजे बॉयलर सांभाळणाऱ्या खलाशांच्या, प्रशिक्षणासाठी बाजूला काढल्या गेल्या होत्या. ‘रॉयल सॉव्हरिन’ नुकतीच फिलाडेल्फियाच्या गोदीतून दुरुस्त होऊन आलेली असली तरी तिच्यावर नेमायला हजारभर खलाशी आणायचे कुठून, हा प्रश्न होताच. तेव्हा जी नौका घरी ठेवणे जड झाले होते, तीच मोठ्या मनाने दिली असे दाखवता आले. दुसरीकडे हेही खरे की, बहिणींपैकी ‘रॅमिलीज’ नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर ६ जून रोजी तोफा डागत होती, म्हणजे हस्तांतरानंतर अवघ्या आठवड्याभराने. या वर्गाच्या नौका अगदीच टाकाऊ झाल्या होत्या असे नव्हे.

नौका ताब्यात घेण्यासाठी सोव्हिएत खलाशी एप्रिल १९४४ च्या अखेरीस उत्तर रशियातील कोला खाडीतून परतीच्या ताफ्याबरोबर निघाले. त्यांतील काही जण ‘विल्यम एस. थेअर’ या अमेरिकन जहाजावर होते. ३० एप्रिलला यू-७११ या जर्मन पाणबुडीने ते जहाज बुडवले आणि आपली नवी नौका डोळ्यांनी पाहण्याआधीच त्यांच्यातील कित्येकांना जलसमाधी मिळाली. उरलेल्यांनी ॲडमिरल गोर्देई लेव्हचेन्को यांच्या नेतृत्वाखाली ३० मे १९४४ रोजी रोझाइथला ब्रिटिश निशाण उतरताना आणि त्या जागी सोव्हिएत निशाण चढताना पाहिले. नवे नाव ठेवले गेले ‘अर्खांगेल्स्क’. सोव्हिएत आरमारातील ती तेव्हाची सर्वांत बलाढ्य नौका ठरली.

रोझाइथपासून पुढच्याच स्टेशनावर, इनव्हर्कीथिंगच्या छोट्या उपसागराच्या काठी, टॉमस वॉर्ड कंपनीचा जहाजे मोडण्याचा धक्का होता. ४ फेब्रुवारी १९४९ रोजी सोव्हिएत खलाशांनी नौका रोझाइथला परत आणून दिली आणि मे महिन्यात ती ओढून इथे आणली गेली. परत मिळाल्यावर ब्रिटिश अधिकाऱ्यांनी तिची पाहणी केली तेव्हा बरीच यंत्रसामग्री निकामी झालेली आढळली. चारही टरेट मधोमध अडकून बसलेले होते आणि सोव्हिएत ताब्यातील संपूर्ण काळात ते एकदाही फिरवले गेले नसावेत असे पाहणाऱ्यांचे मत पडले. ब्रिटिश लिखाणात हा तपशील जरा कुचेष्टेच्या सुरात येतो. दादाला ते पटत नाही. “सुटे भाग मिळणार नाहीत, ज्यांनी यंत्र बांधलं ते शत्रू होऊन बसलेत, आणि बाहेर उणे पंचवीस तापमान,” तो म्हणाला. “तरी महिन्यातून एकदा टरेट फिरवायला हवं होतं, यात शंका नाही. ग्रीस गोठलं की संपलं.” निष्काळजीपणा होताच, पण त्याची सगळी जबाबदारी खलाशांवर टाकणे मलाही अन्यायाचे वाटते.

याच धक्क्यावर पहिली ‘ड्रेडनॉट’ मोडली गेली आणि ‘टायटॅनिक’ची बहीण ‘ऑलिंपिक’ हिचा सांगाडाही इथेच संपला. काठावर आजही भंगाराचे ढीग आहेत. मुंबईच्या दारुखान्यात २०१४ मध्ये आपली जुनी ‘विक्रांत’ मोडली जात असताना ज्यांनी ती पाहिली असेल, त्यांना या जागेचा गंजका वास वेगळा सांगायला नको.

सोमवार, स्क्रॅब्स्टर आणि सामुद्रधुनी

आजचा दिवस निव्वळ प्रवासाचा. एडिंबराहून रेल्वेने इनव्हर्नेस आणि तिथून भाड्याच्या मोटारीने थेट स्क्रॅब्स्टर. वाटेत बराच वेळ थर्सोला जाणारा रेल्वेमार्ग सोबत करतो. पहिल्या महायुद्धात लंडनच्या यूस्टन स्टेशनावरून या मार्गाने खलाशांची खास गाडी धावत असे आणि तिला लोक ‘जेलिको एक्स्प्रेस’ म्हणत. देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकापर्यंतचा तो प्रवास बहुतेकांना नकोसा होत असणार, कारण शेवटी पोचायचे ते झाडझुडूप नसलेल्या, वाऱ्याने झोडपलेल्या बेटांवर. संध्याकाळच्या फेरीबोटीने दीड तासात स्ट्रोमनेसला उतरलो. वाटेत हॉय बेटाचे तांबडे कडे अगदी जवळून दिसले. जूनचा महिना असल्याने रात्री दहालाही वर्तमानपत्र वाचता येईल इतका उजेड होता.

मंगळवार, कर्कवॉल आणि चर्चिल बंधारे

स्कॅपा फ्लो म्हणजे ऑर्कनी बेटांनी चहूबाजूंनी वेढलेले विस्तीर्ण नैसर्गिक बंदर. दोन्ही महायुद्धांत ब्रिटनच्या मुख्य आरमाराचा तळ हाच होता. ‘रॉयल सॉव्हरिन’ने आपल्या आयुष्यातील बराच काळ इथे नांगरून काढला आणि सोव्हिएत खलाशांनी नव्या नौकेवर सराव केला तोही इथल्याच पाण्यात.

स्कॅपाच्या किनाऱ्यावर ‘रॉयल ओक’च्या मृतांचे स्मारक आहे. ‘रॉयल ओक’ म्हणजे पाच बहिणींपैकी आणखी एक. १४ ऑक्टोबर १९३९ च्या पहाटे यू-४७ ही जर्मन पाणबुडी पूर्वेकडच्या अरुंद वाटेने आत शिरली आणि सुरक्षित समजल्या जाणाऱ्या या बंदरात तिने ‘रॉयल ओक’ बुडवली. आठशेहून अधिक माणसे गेली. बुडालेली नौका आज युद्धसमाधी म्हणून राखलेली आहे. तिथे बुडी मारून उतरायला मनाई असून जागा दाखवणारा तरंगता खुणेचा पिंप काठावरून दिसतो. कर्कवॉलच्या सेंट मॅग्नस कॅथीड्रलमध्ये तिची घंटा आणि मृतांच्या नावांची वही ठेवलेली आहे. त्या वहीचे दर आठवड्याला एक पान उलटले जाते असे तिथल्या स्वयंसेविकेने सांगितले.

त्या दुर्घटनेनंतर पूर्वेकडच्या वाटा काँक्रीटचे ठोकळे टाकून कायमच्या बुजवण्याचा निर्णय झाला. तेच आजचे चर्चिल बंधारे. त्यांवरून आता मोटारी धावतात आणि आम्हीही त्यांवरूनच लॅम होम या चिमुकल्या बेटावर गेलो. बंधाऱ्यांच्या कामासाठी १९४२ पासून इथे इटालियन युद्धकैदी आणले गेले होते आणि त्यांनी पत्र्याच्या दोन अर्धगोल झोपड्या जोडून एक चर्च उभारले. दोमेनिको किओक्केत्ती या कैद्याने त्याचे आतले काम रंगवले. भिंतींवर विटा आणि कोरीव दगड दिसतात ते सर्व रंगकाम आहे. बोटाने वाजवले की पत्रा आणि प्लास्टरबोर्डचा आवाज येतो. कमानीशी असलेला लोखंडी जाळीचा पडदा तेवढा खरा, आणि तोही कैद्यांनीच घडवलेला.

या चर्चचा आमच्या नौकेशी संबंध आहे तो इटलीमुळे. ‘रॉयल ओक’ बुडाली म्हणून इटालियन कैदी इथे आले, आणि १९४३ मध्ये याच कैद्यांच्या देशाने शस्त्रे खाली ठेवली म्हणून ‘रॉयल ओक’ची बहीण रशियाला गेली. १९४४ च्या उन्हाळ्यात ‘अर्खांगेल्स्क’ नौका स्कॅपा फ्लोमध्ये असताना बंधाऱ्यांवरील कैदी अजून इथेच होते. आपल्या देशाच्या आरमाराच्या मोबदल्यात ही नौका दिली गेली आहे, याची त्यांना कल्पना असण्याचे कारण नाही. व्यवहाराची दुसरी बाजू पूर्ण व्हायला पाच वर्षे लागली. ‘जूलियो चेझारे’ ही इटालियन बॅटलशिप फेब्रुवारी १९४९ मध्ये अल्बेनियाच्या व्लोरे बंदरात सोव्हिएत युनियनच्या हवाली झाली आणि त्याच सुमारास ‘अर्खांगेल्स्क’ रोझाइथला परतली. आधी घेऊ, मग देऊ, असा उभयपक्षी हिशेब होता आणि शीतयुद्ध सुरू झाले असतानाही तो पाळला गेला, हे विशेष म्हटले पाहिजे. ‘जूलियो चेझारे’चे नाव ‘नोव्होरोसिस्क’ झाले आणि २९ ऑक्टोबर १९५५ रोजी सेवास्तोपोलच्या बंदरात झालेल्या स्फोटात ती उलटली. सहाशेहून अधिक लोक दगावले. उसनी नौका सुखरूप परतली आणि तिच्या बदल्यात कायमची मिळालेली नौका मात्र अशी गेली.

बुधवार, हॉय बेटावरील लायनेस

हूटनहून छोट्या फेरीने लायनेसला गेलो. आरमाराचा मुख्य तळ इथे होता. तेव्हाच्या पंपघरात आणि तेलाच्या प्रचंड टाकीत आता संग्रहालय आहे. मेंढ्यांची कुरणे आणि त्यांच्या मधोमध पडक्या विटांच्या इमारती, असा एकंदर देखावा आहे. दादा दोन तास पंपांपुढेच होता. बॉयलर तेलावर चालवायचे ठरल्यावर ‘रॉयल सॉव्हरिन’सारख्या नौकांचे सगळे भवितव्य अशा टाक्यांवर अवलंबून राहिले, हे त्याने मला एका नळाच्या जोडणीकडे बोट दाखवून समजावले. नळाचा व्यास, पंपाचा दाब आणि एका नौकेचे पोट भरायला लागणारा वेळ यांचा त्याचा हिशेब परतीच्या फेरीतही चालूच होता. जवळच्या लष्करी दफनभूमीत ‘रॉयल ओक’चे खलाशी आहेत आणि १९१९ मध्ये आपल्या नौका याच बंदरात स्वतः बुडवणाऱ्या जर्मन आरमारातील माणसेही आहेत.

गुरुवार आणि शुक्रवार, लॉख इव

गुरुवारचा दिवस सामुद्रधुनी ओलांडून पश्चिम किनाऱ्याकडे जाण्यात गेला. रस्ता बहुतेक एकपदरी, समोरून वाहन आले की बाजूच्या खाचेत थांबायचे, हात वर करून आभार मानायचे आणि पुढे निघायचे. ऑल्टबी या गावी मुक्काम केला.

लॉख इव हे समुद्रातून आत शिरलेले खोल पाणी. उत्तर रशियाकडे जाणारे ताफे इथे जमत असत. ‘जेडब्ल्यू ५९’ हा ताफा १५ ऑगस्ट १९४४ रोजी इथून निघाला. तीसहून अधिक व्यापारी जहाजे, ‘व्हिंडेक्स’ व ‘स्ट्रायकर’ या छोट्या विमानवाहू नौका आणि भोवती विनाशिका व फ्रिगेट. दोन दिवसांनी ‘अर्खांगेल्स्क’ही उसन्या विनाशिकांसह त्याच वाटेने रशियाकडे निघाली. २१ ऑगस्टला ‘काइट’ ही ब्रिटिश नौका पाणतीर लागून बुडाली. तिच्यावरील २१७ माणसे मरण पावली आणि केवळ नऊ वाचली. २३ तारखेला यू-७११ ने ‘अर्खांगेल्स्क’वर पाणतीर सोडले. एप्रिलमध्ये तिच्या भावी खलाशांना बुडवणारी पाणबुडी ती हीच. या वेळी तिचा नेम चुकला आणि ‘अर्खांगेल्स्क’ कोला खाडीत सुखरूप पोचली.

ऑल्टबीच्या ताफा-संग्रहालयात निवृत्त खलाशांच्या घरून आलेल्या वस्तू आहेत. आतून लोकर लावलेले कोट, बर्फाने जखडलेल्या डेकांची छायाचित्रे, रशियन पदके. बर्फ फोडण्याचा एक जड लाकडी हातोडा हातात घेऊन पाहता येतो. डेकवर साचलेला बर्फ वेळेवर फोडला नाही तर वरचे वजन वाढून जहाज कलंडण्याचा धोका असे, त्यामुळे पाळीवरून सुटलेल्या माणसालाही झोपण्याआधी हा हातोडा चालवावा लागे. दादाने तो दोनदा उचलून पाहिला आणि वयाचा विचार करून खाली ठेवला.

दुपारी पूलूवरून वळसा घालून लॉखच्या तोंडाशी, रुआ नान ससन या टोकाला गेलो. काँक्रीटचे तोफांचे ओटे तिथे जसेच्या तसे आहेत आणि ताफ्यांतील मृतांच्या स्मरणार्थ एक साधी शिळा आहे. वारा इतका होता की मोटारीचे दार उघडायला दोघे लागलो. इथून पुढे नॉर्वेच्या वरून मुर्मान्स्कपर्यंतचा रस्ता आम्हाला जाता येण्यासारखा नाही, म्हणून नौकेची पुढची हकीकत इथेच सांगतो.

‘अर्खांगेल्स्क’ सोव्हिएत उत्तर आरमाराची प्रमुख नौका झाली, पण तिने लढायचे कोणाशी? नॉर्वेच्या खाडीत दबा धरून बसलेली ‘टिरपिट्झ’ ही जर्मन बॅटलशिप १२ नोव्हेंबर १९४४ रोजी ब्रिटिश विमानांनी ट्रॉम्सोजवळ उलटवली आणि १५ इंची तोफांना त्या समुद्रात लक्ष्यच उरले नाही. जर्मनांनी मात्र तिची दखल घेणे सोडले नव्हते. जानेवारी १९४५ मध्ये तीन पाणबुड्यांच्या पाठीवर ‘बीबर’ जातीच्या सहा चिमुकल्या, एका माणसाने चालवायच्या पाणबुड्या बांधून त्यांना कोला खाडीकडे पाठवण्यात आले. मोठ्या पाणबुडीच्या इंजिनाच्या थरथराटाने बीबरांच्या इंधननळ्या गळू लागल्या आणि वाटेतच मोहीम सोडून द्यावी लागली. ज्या नौकेने शत्रूवर एकही मोठा गोळा डागला नाही तिच्यासाठी एवढा खटाटोप व्हावा, यात मला तरी नवल वाटत नाही. बॅटलशिप नुसती नांगरून असली तरी समोरच्याला आपले बेत तिच्याभोवती आखावे लागतात, आणि सोव्हिएत युनियनला ती हवी होती तीही त्यासाठीच. युद्धानंतर १९४७ मध्ये पांढऱ्या समुद्रात ती एकदा गाळात रुतली. परत देताना सोव्हिएत बाजूने सुरुवातीला काचकूच केली, इटालियन नौका मिळणार हे पक्के झाल्यावर ती नरमली.

रविवार, जॉड्रेल बँक

शनिवारी मँचेस्टरला दादाच्या घरी पोचलो आणि वहिनीच्या हातच्या आमटीभाताने आठवड्याभराचे सँडविच विसरले. रविवारी सकाळी तिघेही चेशरमधील जॉड्रेल बँक या वेधशाळेत गेलो.

शेतांच्या वर उचललेली ७६ मीटर व्यासाची पांढरी थाळी दुरूनच दिसू लागते. ही लव्हेल दुर्बीण. आमच्या नारायणगावजवळच्या खोडदला ४५ मीटरच्या ३० थाळ्या पसरलेल्या पाहिलेल्या असल्या तरी या एकाच थाळीच्या खाली उभे राहिल्यावर मान दुखेपर्यंत वर पाहिले जाते. १९४९-५० च्या सुमारास खगोलशास्त्रज्ञ बर्नार्ड लव्हेल यांना पूर्णपणे वळवता येईल अशी प्रचंड रेडिओ दुर्बीण बांधायची होती आणि तिचा आराखडा शेफील्डचे अभियंता चार्ल्स हजबंड करत होते. पैसे अपुरे होते. एवढे वजन वर-खाली कलवण्यासाठी लागणाऱ्या दात्यांच्या कड्या नव्याने बनवून घेणे परवडण्यासारखे नव्हते. त्याच वेळी इनव्हर्कीथिंगला ‘रॉयल सॉव्हरिन’ आणि ‘रिव्हेंज’ मोडल्या जात होत्या. त्यांच्या १५ इंची टरेटखालच्या कड्या आणि पिनियन (त्यांना फिरवणारी छोटी दातेरी चाके) १९५० मध्ये स्वस्तात विकत घेतले गेले आणि दुर्बिणीचा तो भाग त्यांच्या मापाने आखला गेला. थाळीच्या दोन्ही बाजूंना जे उंच मनोरे आहेत, त्यांच्या माथ्यावर त्या कड्या आजही आहेत.

जमिनीवरून त्या नीट दिसत नाहीत. मनोऱ्याच्या टोकाशी, जिथे थाळीचा आस टेकतो तिथे, एका दंडगोल कोठडीच्या आत त्या झाकलेल्या आहेत. दादाने दुर्बीण आणली होती, साधी, पक्षी पाहण्याची. तिच्यातून तो बराच वेळ पाहत होता. “टरेटला आडवी फिरणारी कडी यांनी उभी बसवली,” तो म्हणाला. “भार एका जागी न येता दात्यांवर विभागला जातो. बनवणाऱ्यांनी तोफेच्या धक्क्यासाठी राखलेली ताकद इथे वाऱ्यासाठी उपयोगी पडली.” वहिनीने विचारले, “पण रशियाकडून आल्या तेव्हा त्या जाम झाल्या होत्या ना?” त्यावर दादाने तत्काळ उत्तर दिले, “जाम होणं वेगळं आणि झिजणं वेगळं. पाच वर्षं फिरल्याच नाहीत म्हणून दाते कोरे राहिले असतील.” हा त्याचा तर्क आहे. तो खरा असेल तर पाहणी अहवालातील त्या तक्रारीचा खगोलशास्त्राला फायदाच झाला असे म्हणावे लागेल.

दुर्बीण १९५७ च्या उत्तरार्धात तयार झाली तेव्हा खर्च अंदाजाच्या कितीतरी वर गेला होता आणि लव्हेल यांच्यावर सर्व बाजूंनी टीका चालू होती. ऑक्टोबरच्या आरंभी सोव्हिएत युनियनने स्पुत्निक सोडला. उपग्रहाचा आवाज साध्या रेडिओवरही ऐकू येत होता, पण त्याला वर नेणारे अग्निबाणाचे जड धूड रडारने हुडकू शकेल असे उपकरण पश्चिमेकडे हेच होते. ‘रॉयल सॉव्हरिन’च्या कड्यांवर कललेल्या या थाळीने ते शोधून काढले आणि टीका बरीच निवळली. फेब्रुवारी १९६६ मध्ये ‘लुना ९’ हे सोव्हिएत यान चंद्रावर अलगद उतरले, तेव्हा त्याचे संदेश इथेच पकडले गेले. ते वर्तमानपत्रांच्या चित्रप्रेषणासारखे वाटल्यावरून डेली एक्स्प्रेसकडून तसे यंत्र मागवण्यात आले आणि चंद्रपृष्ठाची छायाचित्रे मॉस्कोने प्रसिद्ध करण्याआधी लंडनमध्ये छापून आली. एके काळी ज्या नौकेवर सोव्हिएत निशाण होते तिचेच भाग सोव्हिएत याने न्याहाळत होते.

२०१९ मध्ये या जागेला युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, मात्र दुर्बीण संग्रहालयातील वस्तू झालेली नाही. ती रोज काम करते. दुपारी वारा वाढला तसे थाळीचे तोंड हळूहळू सरळ आकाशाकडे वळवण्यात आले. वादळी वाऱ्यात तिला तसेच उभे करून ठेवतात, कारण त्या स्थितीत वाऱ्याचा जोर सर्वांत कमी लागतो. कलताना दाते दिसले नाहीत, पण थाळीच्या कडेची रेघ मनोऱ्याच्या कठड्यापासून सरकताना स्पष्ट दिसत होती. दादाने घड्याळ लावून तिचा वेग मोजला, वहीत लिहिला आणि टरेट फिरण्याच्या वेगाशी त्याची तुलना घरी जाऊन करू असे सांगितले. वहिनीला गूस्ट्रीच्या स्टेशनावरून चारची गाडी पकडायची घाई होती, म्हणून आम्ही निघालो.